गरजांची नोंद आणि रचनेचा निर्णय : संगणकीय आज्ञावलीचा पाया



भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेला कर्जत तालुका अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. रब्बीची ज्वारी हे येथील शेतकऱ्याचे जुने पीक आणि पाणी हा त्याचा जुना प्रश्न. कुकडी प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे पाणी येडगाव धरणापासून निघते आणि जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा हे तालुके ओलांडून कर्जतला व पुढे करमाळ्याकडे जाते. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील गावाला किती पाणी मिळू शकेल, हे त्या गावात ठरत नाही. धरणाची जागा, कालव्याची पातळी आणि त्याची वहनक्षमता ज्या दिवशी कागदावर निश्चित झाली, त्या दिवशीच ते ठरलेले असते. चारीचे दार पुढे बदलता येते, पाळीचे वेळापत्रक दरवर्षी नव्याने आखता येते. परंतु कालव्याची पातळी चुकली तर उंचावरील शेत कोरडेच राहते. म्हणून टोकाच्या शेताची गरज मुखाशीच मोजावी लागते.

शासनाच्या संगणकीय व्यवस्थांनाही हाच न्याय लागू पडतो. शेतकऱ्याचा सातबारा, त्यावरील पिकाची नोंद, कर्जखात्याची माहिती, शाळेच्या पटावरील मुलाचे नाव, ग्रामपंचायतीची घरपट्टी, या सर्व गोष्टी आज संगणकाच्या आज्ञावलीतून जातात. आज्ञावली तयार होऊन गावात पोहोचली की मगच तिचे गुणदोष ध्यानात येतात आणि तक्रारी सुरू होतात. पुष्कळ तक्रारींचे मूळ मात्र त्याआधी कितीतरी दिवस, गरजांची नोंद घेताना झालेल्या एखाद्या निर्णयात, किंवा न झालेल्या निर्णयात असते. तो निर्णय कसा होतो, केव्हा व्हावा आणि त्यात पंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय अधिकारी यांचा वाटा कोणता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

रचना म्हणजे काय?

आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, याविषयीच्या आज्ञांचा संच. या आज्ञावलीला एक रचना असते. माहिती कोणत्या एककाने साठवावयाची, ती कोठे ठेवावयाची, ती लिहिण्याचा व दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला द्यावयाचा, व्यवस्थेचे निरनिराळे भाग एकमेकांना माहिती कशी देणार आणि संपर्क तुटला असता काम कसे चालणार, या प्रश्नांची उत्तरे म्हणजे ती रचना. पडद्याचा रंग, बटणांचा क्रम, अहवालाचा मथळा यांचा समावेश रचनेत होत नाही. घराच्या बाबतीत जो फरक पाया आणि रंगकाम यांत आहे, तोच येथे आहे.

या शास्त्राचा इतिहास फार जुना नाही. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश या गावी भरलेल्या परिषदेत संगणकाच्या आज्ञावल्या तयार करण्याच्या कामाला अभियांत्रिकीची शिस्त हवी, हा विचार ठळकपणे मांडला गेला. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी एक महत्त्वाचे सूत्र दिले. आज्ञावलीचे भाग पाडताना कामाच्या क्रमानुसार पाडू नयेत; जे निर्णय अवघड आहेत व जे पुढे बदलण्याचा संभव आहे, त्यांची प्रथम यादी करावी आणि अशा प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र भागात बंदिस्त करावे, म्हणजे तो बदलला तरी इतर भागांना धक्का लागत नाही. बॅरी बोहेम यांनी १९८१ मध्ये या कामाच्या अर्थशास्त्रावर ग्रंथ लिहून दाखवून दिले की, गरजा समजण्यातील चूक जितकी उशिरा सापडते तितका तिच्या दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढत जातो. नेमके काय तयार करावयाचे हे ठरविणे हाच या कामातील सर्वांत कठीण भाग होय, असे मत फ्रेडरिक ब्रूक्स यांनी त्याच दशकात मांडले.

गरजाही दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार कामाचा : सातबारा मिळावा, फेरफार नोंदवावा, पावती निघावी. दुसरा प्रकार गुणांचा : किती लोकांना, किती वेळात, कोठून, किती वर्षांपर्यंत आणि वीज किंवा नेटवर्क नसताना काय. गरजा विचारल्या की लोक सहसा पहिला प्रकार सांगतात, कारण तो डोळ्यांसमोर असतो. रचना मात्र बहुतांशी दुसऱ्या प्रकारातून ठरते. ‘सातबारा मिळावा’ ही गरज एका सज्जातील संगणकानेही भागते. ‘राज्यातील कोणत्याही गावाचा सातबारा कोठूनही, प्रत्यक्ष सही-शिक्क्यावाचून, अधिकृत दस्तऐवज म्हणून मिळावा’ असे म्हटले की सगळी रचनाच बदलते.

दोन कर्जत

पहिले उदाहरण अगदी घरचे आहे. महाराष्ट्रात कर्जत नावाचे दोन तालुके आहेत. एक अहिल्यानगर जिल्ह्यात, दुसरा रायगड जिल्ह्यात. टपालाच्या पाकिटावर जिल्ह्याचे नाव लिहून माणसे हा गोंधळ टाळतात. संगणकाला मात्र कोणी सांगितल्याशिवाय हे कळत नाही. तालुक्याचे नाव हीच त्याची ओळख, असे ज्याने एखाद्या आज्ञावलीत गृहीत धरले, त्याच्या यादीत दोन्ही कर्जत एकमेकांत मिसळून जातील. गावांच्या नावांविषयी तर बोलावयासच नको; वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावे किती तालुक्यांत सापडतील याची मोजदाद करणे कठीण.

दुसरी गोष्ट अशी की, नावे बदलतात. अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जिल्ह्याचे नाव जर प्रत्येक नोंदीत अक्षरांनी लिहिले असेल तर असंख्य नोंदी दुरुस्त कराव्या लागतात आणि काही जुन्या नावाने राहूनच जातात. प्रत्येक जिल्हा, तालुका व गाव यांना एक कायम सांकेतिक क्रमांक देऊन नाव एकाच ठिकाणी, एकाच तक्त्यात ठेवले असेल तर हा बदल एका ओळीचा होतो. केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावांचे क्रमांक याच विचाराने दिलेले आहेत, आणि सुधारित सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत असा क्रमांकही आता छापला जातो. हुद्द्यांचेही असेच आहे. तलाठी हे पद आता ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाते. आज्ञावलीत अधिकार पदनामाच्या अक्षरांशी न बांधता भूमिकेशी बांधलेला असेल तर पदनाम बदलल्याने काम अडत नाही.

नाव बदलेल काय, हा प्रश्न गरजांची नोंद घेताना विचारण्यास एक मिनिट लागते. तो विचारला नाही तर उत्तर शोधण्यास पुढे वर्ष पुरत नाही.

सातबाऱ्याची शिकवण

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. त्यानंतरच्या तीन दशकांत या कामाने जे धडे दिले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून अधिक मोलाचे आहेत.

सातबारा हा दिसावयास एक पानाचा उतारा. प्रत्यक्षात तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मेळ आहे आणि त्याच्या पाठीशी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उभी असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १४९ नुसार हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावयाचे असते. कलम १५० नुसार त्याची नोंद फेरफार नोंदवहीत होते, चावडीवर ती प्रसिद्ध केली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेतली जाते आणि मंडळ अधिकाऱ्यासारख्या सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यानंतरच नोंदीचा अंमल अधिकार अभिलेखात होतो.

बारकाईने पाहिले तर ही कलमे म्हणजे गरजांची तयार यादीच आहे. लिहिणारा वेगळा आणि प्रमाणित करणारा वेगळा. लिहिणे व अंमल होणे यांच्यामध्ये काळाचे अंतर. त्या अंतरात हरकतीला जागा. प्रत्येक बदलाला क्रमांक आणि जुन्या क्रमांकाचा मागमूस कायम. या यादीतून रचना आपोआप पुढे येते : सातबाऱ्यावरील मजकूर थेट खोडून लिहिण्याचे बटण असता कामा नये, बदल फेरफारातूनच यावा आणि फेरफार टप्प्याटप्प्यानेच पुढे सरकावा. कोणी घाईने ‘दुरुस्ती’ नावाचे एक सोपे बटण ठेवले तर काम झटपट होईल. मात्र ज्या विधवेच्या नावाला कात्री लागली तिला नोटीस मिळणार नाही आणि कोणी, कधी, कशाच्या आधारे नाव काढले याचा पुरावाही राहणार नाही. रचनेतील त्रुटी येथे थेट माणसाच्या हक्काला जाऊन भिडते.

आजच्या ई-फेरफार व्यवस्थेत हे टप्पे आज्ञावलीत बांधलेले आहेत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदला गेला की त्याची माहिती संगणकाद्वारेच महसूल यंत्रणेकडे जाते, नोटिशीची मुदत मोजली जाते आणि प्रमाणीकरणाशिवाय अंमल होत नाही. कायद्याचे कलम आणि आज्ञावलीची रचना येथे एकाच वाटेने चालतात.

दुसरी अडचण लिपीची. संगणकावर देवनागरी आणण्याचे मोठे काम पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने केले आणि १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण संकेतन मान्य झाले. तरीही अनेक वर्षे निरनिराळ्या कार्यालयांत निरनिराळे टंक वापरले गेले. पडद्यावर अक्षर मराठी दिसे, पण संगणकाच्या पोटात त्याचा संकेत टंकानुसार वेगळा असे. छपाईपुरते हे चालून गेले. एका गावाची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीशी ताडून पाहण्याची, नाव शोधण्याची, अकारविल्हे लावण्याची वेळ आली तेव्हा ते चालेना आणि साठलेली माहिती युनिकोडमध्ये आणावी लागली. ‘ही माहिती पुढे कोणाला द्यावी लागेल काय?’ हा प्रश्न आरंभी विचारला असता त्याचे उत्तर लिपीच्या निवडीत उतरले असते.

तिसरी अडचण अपवादाची. समजा, एका गटाचे क्षेत्र २ हेक्टर ४० आर आहे आणि त्यावर तीन भावांची नावे आहेत. वाटप झालेले असेल तर प्रत्येकी ८० आर असे लिहिता येते आणि तिघांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे, असा नियम आज्ञावलीला घालून देता येतो. वाटप झालेले नसेल तर ते क्षेत्र सामाईक राहते; कोणाच्याही नावापुढे स्वतंत्र आकडा नसतो. एकत्र कुटुंबाच्या आपल्या ग्रामीण जीवनात हा अपवाद नसून नित्याची स्थिती आहे. गरजा सांगणाऱ्याने ती सांगितली नाही आणि आज्ञावलीने प्रत्येक नावापुढे क्षेत्र सक्तीचे केले, तर कर्मचारी नाइलाजाने कोणता तरी आकडा भरतो. त्या एका आकड्यावरून पुढे भावाभावांत न झालेल्या वाटपाचा वाद उभा राहतो. विहिरीतील हिस्सा, बँकेचा बोजा, पोटखराबा, एकर-गुंठ्यातून हेक्टर-आरमध्ये आलेली जुनी क्षेत्रे, या सर्व बाबी अशाच आहेत. त्या कायद्याच्या पुस्तकात जितक्या सापडतात त्याहून अधिक चावडीवर सापडतात.

म्हणूनच २०१७ मध्ये हस्तलिखित व संगणकीकृत सातबारा यांचा मेळ घालण्यासाठी गावोगावी चावडीवाचन घेण्यात आले, तेव्हा त्याचे महत्त्व केवळ चुका दुरुस्त करण्यापुरते नव्हते. अभिलेखाचा खरा जाणकार खातेदारच असतो, ही गोष्ट त्यातून अधोरेखित झाली. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. यातही रचनेचा एक निर्णय आहे. स्वाक्षरी उताऱ्याच्या विशिष्ट स्थितीवर केलेली असते. फेरफाराने मजकूर बदलला की जुनी स्वाक्षरी नव्या मजकुराला लागू होऊ शकत नाही व ती पुन्हा करावी लागते. हे आरंभी योजले नसते तर जुनी सही नव्या मजकुराखाली गेली असती.

नेटवर्क नसलेल्या शेतातील नोंद

गाव नमुना बारामधील पीकपाहणी पूर्वी तलाठी करीत. एका तलाठ्याकडे अनेक गावे, हंगाम थोडा आणि गट असंख्य. त्यामुळे प्रत्येक बांधावर जाऊन नोंद करणे दुष्कर होते. पिकाची नोंद चुकली तर त्याचा परिणाम पीककर्जावर, विम्यावर आणि नैसर्गिक आपत्तीतील मदतीवर होतो. ज्वारी करपून गेलेल्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर जर भलतेच पीक असेल तर त्याचे दुःख दुप्पट होते.

यावर उपाय म्हणून ई-पीक पाहणी ही व्यवस्था टाटा ट्रस्टच्या सहकार्याने आखण्यात आली आणि प्रायोगिक वापरानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाची माहिती भरावयाची व छायाचित्र घ्यावयाचे, असे तिचे स्वरूप. या एका वाक्यात किती गरजा दडलेल्या आहेत पहा. ‘शेतात उभे राहून’ म्हणताच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदणे आवश्यक झाले. शेतात नेटवर्क असेलच असे नाही. म्हणून माहिती फोनमध्ये साठवून ठेवावी आणि संपर्क आल्यावर पाठवावी, ही सोय आवश्यक झाली. ही सोय आज्ञावली तयार झाल्यावर वरून चिकटविता येत नाही. माहिती दोन ठिकाणी राहणार, कोणती खरी मानावयाची, एकच नोंद दोनदा पोहोचली तर काय करावयाचे, छायाचित्र आधी जाणार की मजकूर, हे प्रश्न रचनेच्या मुळाशी सोडवावे लागतात. ‘नेटवर्क असेलच’ असे गृहीत धरून बांधलेल्या व्यवस्थेला पुढे ‘नसले तरी चालेल’ असे करणे म्हणजे ती जवळजवळ नव्याने बांधणे होय.

स्वयंघोषणेने नोंद होणार म्हटल्यावर विश्वास आणि पडताळणी यांचा समतोल हाही रचनेचा प्रश्न झाला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत शेतकऱ्याला स्वतः केलेली नोंद ४८ तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभा देण्यात आली आणि काही नोंदींचीच, म्हणजे सुमारे दहा टक्के नोंदींची तलाठ्यांनी तपासणी करावी अशी पद्धत ठेवण्यात आली. चुकणारा माणूस आणि फसविणारा माणूस यांच्यात फरक करण्याची ही रीत होय. पहिल्याला दुरुस्तीची संधी मिळते, दुसऱ्याला तपासणीचा धाक राहतो.

धोरणातील एक शब्द

रचनेचे सर्व निर्णय तंत्रज्ञ घेतात, असा एक समज आहे. तो किती अपुरा आहे हे कर्जमाफीच्या दोन योजनांवरून कळते. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतची माफी कुटुंब हे एकक धरून देण्यात आली. पती, पत्नी आणि अठरा वर्षांखालील मुले मिळून एक कुटुंब. डिसेंबर २०१९ मधील महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाख रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जासाठी वैयक्तिक शेतकरी हे एकक धरण्यात आले.

कोणते धोरण अधिक चांगले, हा या व्याख्यानाचा विषय नाही. प्रश्न माहितीच्या रचनेचा आहे. बँकेला व सोसायटीला खातेदार माहीत असतो, त्याचे कुटुंब माहीत नसते. पतीचे कर्ज जिल्हा बँकेत आणि पत्नीचे राष्ट्रीयीकृत बँकेत असेल तर दोन्हींचा मेळ घालणारी नोंद कोठेच तयार नव्हती. ती मिळविण्यासाठी शेतकऱ्यांकडून अर्ज भरून घ्यावे लागले आणि त्या अर्जांची बँकांच्या आकड्यांशी सांगड घालावी लागली. त्या छाननीला वेळ लागला. दुसऱ्या योजनेत एकक व्यक्ती असल्याने आणि कर्जखात्याला आधार क्रमांक जोडलेला असल्याने बँकांनी याद्या द्याव्यात, त्या गावात प्रसिद्ध व्हाव्यात व शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य किंवा अमान्य करावी, असा मार्ग निघू शकला. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी ६८ गावांपुरती प्रसिद्ध करून व्यवस्था पारखली गेली आणि मग पुढील याद्या आल्या.

शासन निर्णयातील ‘कुटुंब’ आणि ‘व्यक्ती’ या दोन शब्दांनी दोन वेगळ्या यंत्रणा निर्माण केल्या. निर्णयाचा मसुदा लिहिणारा अधिकारी नकळत आज्ञावलीचा पायाही लिहीत असतो. म्हणून मसुदा अंतिम होण्यापूर्वीच तीन प्रश्न टेबलावर आले पाहिजेत : लाभाचे एकक कोणते, त्या एककाची खात्रीची माहिती आज कोणाजवळ आहे, आणि नसेल तर ती कोण गोळा करणार.

आधी काय, नंतर काय

याचा अर्थ सर्वच गोष्टी पहिल्या दिवशी ठरवून टाकाव्यात असा मात्र नव्हे. गरजा पुरत्या समजण्यापूर्वी घट्ट केलेला निर्णयही तितकाच घातक ठरतो. घरपट्टीचा दर आज्ञावलीच्या आत लिहून टाकला तर पुढील आकारणीच्या वेळी तंत्रज्ञाला बोलवावे लागते. तो तक्त्यात ठेवला तर ग्रामपंचायत अधिकारी ठरावानुसार तो स्वतः बदलू शकतो. बदलणारी गोष्ट बदलण्याजोगी ठेवणे, हाही आरंभीच घ्यावयाचा निर्णय आहे. पार्नास यांच्या सूत्राचे मर्म हेच.

कोणता निर्णय पायाचा आणि कोणता वरचा, हे ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. ‘हा निर्णय उद्या बदलला तर आधी साठविलेल्या सर्व नोंदींना हात लावावा लागेल काय?’ उत्तर होकारार्थी असेल तर तो पायाचा निर्णय. तो गरजांच्या नोंदीबरोबरच, विचारपूर्वक व लेखी व्हावा. या कसोटीने पाच बाबी नेहमी पुढे येतात : नोंदीचे एकक व तिचा कायम ओळख क्रमांक, लिपीचा संकेत व मोजमापाची एकके, लिहिणे, तपासणे व प्रमाणित करणे यांचे वेगवेगळे अधिकार, जुन्या नोंदीचा इतिहास जपण्याची पद्धत, आणि वीज किंवा नेटवर्क नसताना चालावयाचे काम. अहवालांचे नमुने, शुल्क, मुदती, पडद्यांची मांडणी या बाबी उत्तर नकारार्थी असलेल्या गटात जातात. त्या अनुभवाने सुधाराव्यात.

पायाचा निर्णय लिहून ठेवताना त्यामागील कारणही लिहावे. पाच वर्षांनी अधिकारी बदललेला असतो, तंत्रज्ञ बदललेला असतो. ‘सामाईक क्षेत्रापुढे आकडा सक्तीचा करू नये, कारण वाटप झालेले नसते’ एवढे एक वाक्य धारिकेत असेल तर नवा माणूस ती सक्ती पुन्हा आणणार नाही.

प्रायोगिक वापरासाठी गाव निवडतानाही विवेक हवा. तालुक्याच्या ठिकाणाजवळचे, चांगल्या रस्त्याचे, कमी खातेदारांचे गाव निवडले तर प्रयोग हमखास यशस्वी होतो आणि त्यातून काहीच कळत नाही. जेथे नेटवर्क तुटक आहे, कालव्याच्या भूसंपादनाने गट तुटलेले आहेत, खातेदारांपैकी अनेक जण वर्षातील काही महिने गावाबाहेर असतात, अशा गावात जी व्यवस्था टिकते ती इतरत्र सहज टिकते.

शाळा आणि ग्रामपंचायत यांचा वाटा

या तालुक्यातून आणि शेजारच्या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात. मुले कधी बरोबर जातात, कधी आजीकडे राहतात, कधी मध्येच परत येतात. विद्यार्थ्याची नोंद शाळेच्या नोंदीखाली बांधली असेल तर शाळा बदलली की मूल एका ठिकाणी गळते आणि दुसऱ्या ठिकाणी नव्याने जन्मते. दोन्ही पटांचे आकडे चुकतात. विद्यार्थ्याला स्वतःचा क्रमांक देऊन शाळा ही त्याच्या नोंदीतील बदलती बाब मानली तर ते मूल कोठेही गेले तरी हरवत नाही. मूल वर्षाच्या मध्यात शाळा बदलते, ही गरज मुंबईच्या कार्यालयात बसून सुचणे कठीण. ती वर्गशिक्षकालाच ठाऊक असते, आणि त्याने ती वेळेवर सांगितली पाहिजे.

ग्रामपंचायतीत कर आकारणीचा नमुना आठ व मागणीचा नमुना नऊ संगणकावर आणताना असेच प्रश्न उभे राहतात. घर एकाचे, राहणारा दुसरा, जागा तिसऱ्याच्या नावे. भावांनी मधे भिंत घालून एका घराची दोन केलेली. मालमत्ता मृत व्यक्तीच्या नावे चालू. नोंद घराची करावयाची की कुटुंबाची की मालकाची? ग्रामसभेत या प्रश्नाची चर्चा अर्धा तास झाली तर पुढील कित्येक वर्षांची वसुली आणि तंटे त्यावर अवलंबून राहतात.

गरजा सांगताना पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात. पहिली, नेहमीच्या कामाबरोबर अपवाद सांगावेत, कारण रचना अपवादांनीच पारखली जाते. दुसरी, संख्या आणि गर्दीचा दिवस सांगावा. दाखल्यांची मागणी वर्षभर सारखी नसते, निकालाच्या व पेरणीच्या दिवसांत ती एकदम उसळते. तिसरी, चूक झाल्यास कोणाचे काय नुकसान होते ते सांगावे, म्हणजे कोठे दोन सह्या हव्यात व कोठे एक पुरे, हे ठरते. चौथी, चुकीची दुरुस्ती कोणाकडे, किती दिवसांत व्हावी ते सांगावे. दुरुस्तीचा मार्ग नसलेली व्यवस्था नागरिकाला तालुक्याच्या खेपा घालावयास लावते आणि त्या खेपांची मजुरी त्याला कोणी भरून देत नाही.

अधिकाऱ्यांनीही गरजांची बैठक केवळ उपस्थितीची सही घेण्यापुरती ठेवू नये. चर्चेअंती कोणते पायाचे निर्णय झाले, ते एका पानावर, सोप्या मराठीत लिहून त्याच बैठकीत वाचून दाखवावेत. चावडीवर फेरफार वाचला जातो तसा हा आराखडाही वाचला जावा. ज्यांच्यासाठी व्यवस्था आहे त्यांना तो समजत नसेल, तर तो अजून पुरेसा स्पष्ट झालेला नाही असे समजावे.

कालव्याचे पाणी टोकाच्या शेतापर्यंत पोहोचावे यासाठी मुखाशी बसलेल्या अभियंत्याला त्या शेताची उंची ठाऊक असावी लागते, आणि ती सांगणारा माणूस त्या शेतावरच राहतो. संगणकीय कारभाराचा लाभ शेवटच्या खातेदारापर्यंत, शेवटच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावयाचा असेल तर गावाने आपली उंची वेळेवर सांगितली पाहिजे आणि शासनाने ती आराखडा पक्का होण्यापूर्वी मोजली पाहिजे. हे सहकार्य आरंभीच साधले, तर आज्ञावली लोकांच्या उपयोगी पडेल आणि तिच्यावर खर्च झालेला पैसा व श्रम सार्थकी लागतील.